मियाँच्या नावाचा पाऊस

पावसाळा सुरू झाला की महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांतून 'वर्षा मैफली'ची पत्रके लागतात. तंबोरे जुळतात, निवेदक 'आता ऐकू या राग मियाँ मल्हार' असे सांगतो आणि श्रोते मांडी सावरून बसतात. हे नाव इतके सवयीचे झाले आहे, की त्यातला 'मियाँ' कोणी वेगळा ऐकतच नाही. तोच शब्द सभागृहाबाहेर, चौकातल्या टपरीवर, एस.टी.च्या रांगेत किंवा निवडणुकीच्या दिवसांत कानावर पडतो, तेव्हा मात्र तो अगदी नीट ऐकू येतो. तिथे त्याला टोक असते. एकाच शब्दाची ही दोन आयुष्ये आम्हाला बरीच वर्षे अस्वस्थ करीत आली आहेत. आत टाळी मिळवणारा मियाँ आणि बाहेर हिणवला जाणारा मियाँ, यांचे एकमेकांशी काही नाते आहे की नाही?

मुळात हा शब्द आदराचा. धनी, घरचा कर्ता, महाशय असे त्याचे अर्थ. मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या शिक्षकाला 'मियाँजी' म्हणत. पावसाच्या रागाला तो कसा चिकटला, तो राग कोणाकोणाच्या हातून आपल्या मराठी मुलखात आला आणि येताना वाटेत कोण कोण विसरले गेले, हे तपासून पाहावे एवढाच या लेखाचा हेतू. राग शिकवणे हे आमचे काम नाही. पण रागाचा इतिहास हा माणसांचा इतिहास असतो, आणि त्या माणसांत आपली माणसे फार आहेत.

तानसेन म्हटले की सगळ्यांना आधी आठवते ती दंतकथा. दरबारातल्या मत्सरी मंडळींनी अकबराला भरीस घालून तानसेनला दीपक राग गायला लावले. दिवे आपोआप पेटले, पण गाणाऱ्याच्या अंगाचीही आग झाली. ती शमवण्यासाठी गुजरातेतल्या वडनगरच्या ताना आणि रीरी या दोघी बहिणींनी मल्हार गायला आणि पाऊस कोसळला. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांपासून चित्रपटांपर्यंत सगळीकडे पोचली आहे. गोष्ट म्हणून ती सुंदरच आहे, पण इतिहास तिच्या बाजूने उभा राहत नाही.

इतिहास काय सांगतो? अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त दरबारातल्या गायक-वादकांची यादी दिली आहे. तीत छत्तीस नावे आहेत आणि पहिले नाव आहे ग्वाल्हेरचे मियाँ तानसेन. म्हणजे 'मियाँ' ही मागाहून कोणी चिकटवलेली चिठ्ठी नाही, ती त्यांच्या हयातीतच त्यांच्या नावामागे होती. असा गवई हिंदुस्थानात गेल्या हजार वर्षांत झाला नाही, असा अभिप्रायही अबुल फजल नोंदवतो. रेव्याचा बघेल राजा रामचंद्र याच्या पदरी असलेल्या तानसेनला अकबराने १५६२ मध्ये आपल्याकडे आणवले. १५८९ मध्ये तानसेनचा इंतकाल झाला, तेव्हा बादशहाच्या हुकमाने सारे गवई-वादक जनाज्याबरोबर गेले आणि लग्नाच्या वरातीत वाजवावे तसे वाजवीत-गात त्यांना पोचवले, असे 'अकबरनामा' सांगतो. त्यांची कबर ग्वाल्हेरला, सूफी शेख मुहम्मद गौस यांच्या भव्य मकबऱ्याजवळ आहे. एवढी बारीकसारीक माहिती देणाऱ्या अबुल फजलने आपल्या यादीत पाऊस पाडल्याचा किंवा दिवे पेटवल्याचा एका शब्दाने उल्लेख केलेला नाही.

आम्हाला ही दंतकथा खटकते ती ती खोटी आहे म्हणून नव्हे. लोक अशा गोष्टी रचतात, कारण गाण्याने अंगावर आलेला शहारा सांगायला त्यांच्याकडे दुसरे साधन नसते. पण चमत्कार सांगितला की मेहनत झाकली जाते. जादूगाराला गाव नसते, गुरू नसतो, शागीर्द नसतात, त्याचा धर्मही कोणी विचारत नाही. तानसेन जादूगार झाला आणि 'मियाँ' हे त्याच्या जादूच्या पेटीवरचे नुसते लेबल उरले.

मल्हार हा तानसेनपेक्षा जुना आहे. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात 'मल्लार' हे नाव येते. शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादवांच्या पदरी होता, आणि त्याचे घराणे काश्मीरहून दख्खनेत आलेले. म्हणजे ज्याला आपण आज दौलताबाद म्हणतो त्या किल्ल्याच्या परिसरात या पावसाळी रागाचे नाव लिहिले गेले, तेही बाहेरून येऊन इथला झालेल्या एका घराण्यातल्या माणसाकडून. दख्खनचा इतिहास असाच आहे. इथे कोण आधीचा आणि कोण नंतरचा हा हिशेब मांडायला बसले, की वही फाटते.

मग मियाँनी काय केले? परंपरा असे मानते, की तानसेनने जुन्या मल्हाराला नवे वळण दिले आणि ते त्यांच्या नावाने रूढ झाले. या रागात दोन निषाद आहेत, एक कोमल आणि एक शुद्ध. दोघे धैवताला मध्ये घेऊन इतके जवळ येतात, की खालच्या सप्तकात त्यांचा घोळ ऐकताना दूरच्या डोंगरामागे ढग घुमतो आहे असे वाटते. कोमल गंधार सरळ उभा राहत नाही, तो आंदोलित होतो, पाण्याने जड झालेल्या फांदीसारखा डोलतो. मध्यमावरून रिषभावर उतरताना मन मोकळे होते. विजांचा कडकडाट किंवा सरींचा आवाज यांची नक्कल या रागात नाही. पाऊस येण्याआधी हवा जड होते, जनावरे गप्प होतात, माणूस आभाळाकडे बघतो, ती घटका या रागात धरून ठेवली आहे. गंमत अशी, की खरा पाऊस वाद्यांना मानवत नाही. दमट हवेत तबल्याचे चामडे सैल पडते, सूर उतरतो आणि बैठक थांबवून हातोडीने तबला पुन्हा चढवावा लागतो. पावसाचे गाणे गाणाऱ्याला पावसाशी झगडावेच लागते.

मल्हाराच्या कुटुंबात माणसांच्या नावांचे इतरही राग आहेत. सूर मल्हार सूरदासांच्या नावाने ओळखला जातो. मीराबाईंच्या नावाचा मल्हार आहे. रामदासी मल्हार आहे. त्यातले रामदास म्हणजे आपले समर्थ नव्हेत. 'आईन'च्या यादीत तानसेनच्या पाठोपाठ ज्यांचे नाव येते, त्या बाबा रामदासांशी परंपरा त्याचा संबंध जोडते. संत, राजघराण्यातली भक्त स्त्री आणि दरबारी गवई एकाच पावसात भिजत उभे आहेत आणि त्यांच्या मधोमध मियाँ आहेत. नावे ठेवणाऱ्यांना त्यात काही जमवाजमव करावी लागली नाही. ज्याने रागाला रूप दिले त्याचे नाव दिले, हिशेब संपला.

तानसेनचे गाणे धृपदाचे होते. आज मियाँ मल्हार आपण बहुधा ज्या रूपात ऐकतो तो ख्याल. त्याची थोरवी मुहम्मद शाह 'रंगीला' याच्या काळात, म्हणजे १७१९ ते १७४८ दरम्यान दिल्लीत उभी राहिली. त्या दरबारातले बीनकार न्यामत खाँ यांनी 'सदारंग' या नावाने शेकडो ख्याल रचले. त्यांचा पुतण्या आणि शागीर्द फिरोज खाँ 'अदारंग' या नावाने रचना करी.

त्या दिल्लीचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन ज्याने लिहून ठेवले, तो माणूस आपल्या मुलखातला आहे हे फार थोड्यांना माहीत असते. दर्गाह कुली खान यांचा जन्म १७१० चा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा. निजाम-उल-मुल्क आसफजाह यांच्या लवाजम्याबरोबर ते १७३८ मध्ये दिल्लीला गेले आणि १७४१ पर्यंत तिथे राहिले. पुढे ते औरंगाबादचे सुभेदार झाले. त्यांच्या फारसी टिपणांचा ग्रंथ 'मुरक्का-ए-दिल्ली' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात दर्गे, उरूस, बाजार, शायर, कलावंतिणी यांच्याबरोबर न्यामत खाँचे वर्णन आहे. त्यांच्या बीनवादनाची तारीफ आहे आणि दर महिन्याला त्यांच्या घरी भरणाऱ्या मैफलीचा उल्लेख आहे. संगमनेरच्या माणसाने सदारंगाला ऐकले आणि लिहून ठेवले, ही गोष्ट आम्हाला कोणत्याही चमत्कारापेक्षा मोठी वाटते.

त्या नोंदीतले 'घरी' हे महत्त्वाचे. ख्याल हे खोलीतले गाणे आहे. हजारोंच्या मंडपासाठी ते जन्मले नाही. एक दिवाणखाना, खाली सतरंजी, मागे दोन तंबोरे, एका बाजूला सारंगी, एका बाजूला तबला आणि समोर इतकेच लोक, की गवयाला प्रत्येकाचा चेहरा दिसावा. अशा खोलीत आभाळाएवढा पाऊस उतरवायचा, ही या कलेची जिद्द.

दर्गाह कुली खान दिल्लीत होते त्याच काळात दिल्लीवर प्रलय आला. १७३९ च्या फेब्रुवारीत कर्नालला नादिरशाहने मुघल फौजेचा पराभव केला आणि मार्चमध्ये दिल्लीत कत्तल केली. गल्ल्यांत प्रेतांचे खच पडले, मयूरासन गेले, खजिना गेला. मारणारा आणि मरणारा दोघेही कलमा पढणारे असू शकतात, हे दिल्लीने त्या दिवशी पाहिले. 'सदारंग-अदारंग' या जोडनावातला रंग याच काळातला आहे.

या पार्श्वभूमीवर मियाँ मल्हाराची एक बंदिश आम्हाला पुनःपुन्हा बोलावते. 'करीम नाम तेरो' या नावाने ती ओळखली जाते. बड्या ख्यालाची, विलंबित लयीची ही रचना. अंतऱ्यात अदारंगची मुद्रा आहे. पावसाळी रागांच्या बहुतेक बंदिशींत ढग असतात, मोर-पपीहे असतात, परदेशी गेलेल्या साजणाची वाट पाहणारी बाई असते. या बंदिशीत यातले काहीच नाही. पावसाच्या सर्वांत जड रागातल्या या रचनेत पाऊस हा शब्दच येत नाही. ती सरळ दुआ आहे. आधी करीम, म्हणजे उदार, या नावाने हाक मारली आहे. मग सत्तार, म्हणजे माणसाच्या उणिवांवर पांघरूण घालणारा. शेवटी करतार, जो शब्द कबीर आणि नानकांच्या बोलीतला आहे. मागणे काय, तर दुःख आणि दारिद्र्य दूर व्हावे आणि सुख सगळ्यांना मिळावे. मागणारा स्वतःसाठी वेगळे काही मागत नाही.

आपल्या वाचकांना या मागण्याची रीत नवी नाही. पाऊस रुसला, की आपल्याकडे इस्तिस्काची नमाज होते. मराठवाड्यात, सोलापूर-अहिल्यानगरच्या कोरड्या पट्ट्यात दुष्काळी वर्षी माणसे सकाळच्या उन्हात मैदानात जमतात, दोन रकात नमाज होते, इमाम अंगावरची चादर उलटी फिरवतो आणि हात आभाळाकडे उठतात. चादर उलटी करण्यात 'आमची दशा अशीच पालटू दे' ही विनवणी असते. त्या दुआत कोणी 'फक्त मोमिनांच्या शेतावर पाड' असे म्हणत नाही, म्हणताही येत नाही. पाऊस बांध ओळखत नाही. आपल्या बोलीत पावसाला रहमत म्हणतात ते यासाठीच. अदारंगची बंदिश ही आमच्या लेखी खोलीतली इस्तिस्का आहे. मोकळ्या मैदानातली दुआ त्याने सतरंजीवर आणली आणि 'सगळ्यांना' हा तिचा गाभा तसाच ठेवला.

दिल्ली खिळखिळी झाल्यावर कलावंत पांगले. लखनौ, रामपूर, जयपूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी त्यांना आसरा मिळाला. आपल्या दृष्टीने त्यातले ग्वाल्हेर महत्त्वाचे, कारण तिथे शिंदे होते. लखनौहून आलेल्या नत्थन पीरबख्श यांचे नातू हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ यांना शिंद्यांच्या मराठी दरबाराने सांभाळले. या भावांनी आपल्या जातधर्माबाहेरचे शागीर्द घेतले. वासुदेवबुवा जोशी आणि बाबा दीक्षित हे त्यांच्या परंपरेतले मराठी शिष्य. वासुदेवबुवांकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) शिकले आणि ख्यालाचे बी दक्षिण महाराष्ट्रात घेऊन आले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर ज्या परीक्षांची प्रमाणपत्रे टांगलेली आहेत, त्यांचे मूळ शोधत गेले तर ते शेवटी हद्दू-हस्सू खाँच्या खोलीत पोचते.

दुसरी वाट कोल्हापूरची. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना (१८५५–१९४६) राजाश्रय दिला. खाँसाहेबांची विद्या गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यात उतरली. मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या नजीर खाँ यांनी अंजनीबाई मालपेकरांना घडवले. ज्या बायकांना समाज उंबऱ्याबाहेर ठेवीत होता, त्यांना या उस्तादांनी समोर बसवून खरी तालीम दिली, ही गोष्ट ठळक करून सांगायला हवी.

तिसरी वाट मिरजेची. किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेचे झाले. १९१३ मध्ये पुण्यात त्यांनी गायनशाळा चालवली, तिचे नाव 'आर्य संगीत विद्यालय'. मुसलमान उस्तादाने काढलेल्या शाळेचे हे नाव आज वाचताना माणूस थबकतो. त्यांना मात्र त्यात काही अडले नाही. मद्रासजवळ एका रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. अखेरच्या घटकेला ते दरबारी रागात, म्हणजे पुन्हा मियाँ तानसेनच्याच नावाशी जोडलेल्या रागात, ईश्वराचे नाव घेत होते, असे त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगितले जाते. ते मिरजेला ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत आणि तिथे उरुसात त्यांच्या स्मृतीसाठी गाणे होते. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनजींच्या मियाँ मल्हारात 'करीम नाम तेरो' ज्यांनी ऐकली आहे, त्यांना करीम या शब्दावर लागणारा तो घनगंभीर सूर विसरता येणार नाही. गदगच्या कानडी ब्राह्मण घरातला हा गवई, महाराष्ट्राच्या सभागृहात, दिल्लीच्या फिरोज खाँची दुआ मागतो आहे. मोठ्या आवाजात एकात्मतेची भाषणे करणाऱ्यांनी ते ऐकावे.

मिरजेचे आणखी एक देणे आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घरांतले फरीदसाहेब आणि त्यांचे भाईबंद वाद्यांकडे वळले. तलवारींचे दिवस सरले होते, हात कसबी होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा मोठा भोपळा कापून, सुकवून त्यांनी सतार-तंबोरे घडवले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गवई कोणीही असो, त्याच्या पाठीमागे षड्ज धरून बसलेला तंबोरा पुष्कळदा या शिकलगारांच्या हातचा असतो.

या इतिहासात एक कडू पानही आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी हिंदुस्थानी संगीताला लेखी शिस्त दिली. १९१० ते १९३२ या काळात चार भागांत निघालेला 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा त्यांचा ग्रंथ मूळ मराठीत आहे, याचा आपल्याला अभिमान असायला हवा. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत त्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत छापल्या. या बंदिशी कुठून आल्या? जयपूरच्या मनरंग घराण्याचे मुहम्मद अली खाँ आणि त्यांचे पुत्र, तानसेनच्या वंशपरंपरेतले रामपूरचे वजीर खाँ अशा उस्तादांकडून. भातखंडे स्वतः 'चतुर' आणि 'हररंग' या नावांनी रचना करीत. सदारंग, अदारंग, मनरंग यांच्या ओळीत आपलेही रंगाचे नाव लावावे असे त्यांना वाटले, यात त्या परंपरेविषयीचे प्रेम दिसते. पण उस्ताद अशिक्षित आहेत, विद्या लपवून ठेवतात, शास्त्र जाणत नाहीत, ही तक्रारही त्यांच्या लेखनात ठिकठिकाणी आहे.

तक्रार सगळीच खोटी नव्हती. कित्येक उस्ताद विद्या झाकून ठेवीत, बंदिश आंदणात द्यावी तशी जपून देत. पण ज्याच्या घरात जमीन नाही, नोकरी नाही, आणि संस्थानाचा पगार राजाच्या लहरीवर आहे, त्याची बंदिश हीच त्याची शेती. ती छापून सगळ्यांना वाटा, असे सांगणे सोपे. तिच्यावर ज्याची चूल पेटते त्याला ते जड जाणारच. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे आणि दोन्ही बाजूंचे आपल्यावर उपकार आहेत. भातखंड्यांनी छापले नसते तर पुष्कळ काही बुडाले असते, आणि उस्तादांनी सात-आठ पिढ्या कंठात जपले नसते तर छापायला काही उरलेच नसते. मात्र छापील पानावर स्वर येतात, मात्रा येतात. ज्या गळ्यातून ते आले त्या घराची हकीकत येत नाही. तिथून राग राहिला आणि माणूस गळला.

माणूस गळला की पुढचे सोपे होते. २००२ मध्ये गुजरातेत अहमदाबादला वली दखनीची मजार जमीनदोस्त करून तिच्यावरून डांबरी रस्ता नेण्यात आला. हा वली आपल्या औरंगाबादचा. त्याच दिवसांत बडोद्याला उस्ताद फैयाज खाँ यांच्या कबरीची नासधूस झाली. आग्रा घराण्याचे हे 'आफताब-ए-मौसिकी' सयाजीराव गायकवाडांच्या मराठी दरबाराचे भूषण होते. १९५० मध्ये ते गेले. 'प्रेमपिया' या नावाने त्यांनी रचलेल्या बंदिशी आजही गायल्या जातात. गाणे हवे आणि गाणाऱ्याची कबर नको, असा हा व्यवहार आहे. सभागृहातला मियाँ आणि चौकातला मियाँ यांचे नाते तुटल्याशिवाय असे घडत नाही.

पण सगळा दोष समोरच्याच्या पदरात घालून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. आपल्या समाजाने या वारशाशी काय केले? 'गाना-बजाना' असे तुच्छतेने म्हणत आपण तो घराबाहेर ठेवला. मौसिकीच्या हलाल-हरामचा वाद जुना आहे आणि त्याला दोन बाजू आहेत. इमाम गजालींनी समाच्या शर्ती सांगून त्याला जागा दिली. हजरत निजामुद्दीन औलियांना समासाठी सुलतानासमोर उलेमांच्या सभेत जाब द्यावा लागला आणि तो त्यांनी दिला. त्यांचे खलिफा बुऱ्हानुद्दीन गरीब, जे आपल्या खुलताबादेत विसावले आहेत, ते समाचे मोठे प्रेमी होते. वाद आजही करावा, जरूर करावा. पण तो करताना आपल्याच बुजुर्गांची एक अख्खी बाजू पुसून टाकू नये. आज मराठी मुसलमान घरांतून आलेले ख्यालगायक शोधायला गेले तर थोडकेच सापडतात. शेजारच्या घरातली मुलगी 'करीम नाम तेरो' शिकते आहे आणि आपल्या घरातल्या मुलीला ती कोणाची दुआ आहे हे ठाऊक नाही, अशी ही स्थिती आहे.

चित्रपटाने एकदा ही दरी सहज ओलांडली होती. १९७१ च्या 'गुड्डी'त 'बोले रे पपीहरा' हे मियाँ मल्हारातले गाणे आले आणि रेडिओवरून घराघरांत गेले. संगीतकार कोकणातले वसंत देसाई, गायिका वाणी जयराम आणि त्यांना तालीम देणारे पतियाळा घराण्याचे उस्ताद अब्दुल रहमान खाँ. ते गाणे मोहल्ल्यातही गुणगुणले गेले, आळीतही. कोणालाही आपण मियाँचे गाणे गातो आहोत असे वेगळे वाटले नाही. न वाटणे तेव्हा बरे होते. आता दिवस बदलले आहेत. आता ते सांगावे लागेल.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. वर्षा मैफलीच्या निवेदकाने राग मियाँ मल्हार असे सांगितल्यावर दोन वाक्ये आणखी बोलावीत. हे मियाँ कोण, अदारंग कोण, ही विद्या कोणत्या घरांतून इथे आली, एवढे सांगायला एक मिनिट पुरे. आपल्या शाळांतून, ग्रंथालयांतून आणि साहित्य संमेलनांतून हा इतिहास मराठीत सांगितला जावा. त्यासाठी उर्दू-फारसीची अट नको, 'मुरक्का-ए-दिल्ली'सारखी पुस्तके मराठीत यावीत. मिरज, कोल्हापूर, मुंबई, संभाजीनगर इथे उस्तादांची, सारंगियांची, वाद्य घडवणाऱ्यांची जी घरे अजून उरली आहेत, तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. हे काम सरकार करील म्हणून थांबू नये. आपल्यातल्या शिक्षकांनी, प्राध्यापकांनी, सुट्टीवर आलेल्या विद्यार्थ्यांनी ते करावे.

चौकात मियाँ म्हणून हाक मारणाऱ्याचे तोंड आपण धरू शकत नाही. पण त्या शब्दाने आपल्या मुलाची मान खाली जाते, ती मात्र जाऊ नये यासाठी काही करू शकतो. त्याला सांगता येईल, की या देशातला सर्वांत गंभीर पाऊस तुझ्याच नावाने ओळखला जातो, आणि त्या पावसात उभे राहून फिरोज खाँ नावाच्या एका गवयाने जे मागितले ते एकट्या मियाँसाठी नव्हते. पुढच्या पावसाळ्यात कोणत्या तरी सभागृहात कोणी तरी तीच दुआ पुन्हा मागणार आहे. आपणही तिथे जाऊन बसावे.